खो म्हणजे आभारी आहे

खो-खो शिकवायला काय लागतं? दोन खांब, एक शिट्टी आणि मी. हे वाक्य मी आमच्या क्रीडा मंडळाच्या सभेत ठोकून दिलं आणि ते माझ्याच अंगाशी आलं. मंडळाला आपला खेळ परदेशी पोचवायचा होता आणि तिथल्या एका शाळेत सहा आठवडे राहणारा स्वयंसेवक हवा होता. बाकीच्या सगळ्यांच्या घरी नेमकी त्याच महिन्यात लग्नं निघाली. मी विमा कचेरीतला हेडक्लार्क. तरुणपणी जिल्ह्याच्या संघात होतो आणि रजा भरपूर साठली होती. झालं, माझी पाठवणी झाली.

त्या शाळेतल्या क्रीडाशिक्षिका बाईंना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. मलाही तेवढंच यायचं, म्हणून आमचं छान जुळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मैदानाच्या कडेच्या भिंतीशी नेलं. तिथे बारा मुली ओळीनं बसल्या होत्या.

“या राखीव खेळाडू का?” मी विचारलं.

“छे हो. यांना कुणी घेतच नाही. मैदान फुटबॉलवाल्यांचं, आणि ज्यांना ते जमत नाही त्या इथे. चार वर्षं बघतेय मी यांना भिंतीला टेकलेलं. तुमच्या खेळाला चेंडू लागत नाही ना?”

“काहीच लागत नाही.”

“मग ऐका. शेवटच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब येतायत. त्यांना खेळ पटला तर दर बुधवारी एक तास मैदान यांचं. नाही पटला, तर भिंत आहेच.”

मी फक्कीनं रेघा मारल्या. आठ जणींना चौकोनांत बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. तिघींना पळायला सोडलं. बारावी होती सगळ्यांत उंच, तिला मी मनातल्या मनात शिडी म्हणायचो. तिला सांगितलं, पळणारीला पकड. दमलीस की बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हण आणि तिच्या जागी बस. ती उठून पळेल.

शिडी पळाली. थाप मारून म्हणाली, “खो.”

बसलेल्या मुलीनं मान वळवली, गोड हसली, काहीतरी पुटपुटली आणि बसूनच राहिली.

मला वाटलं, हिला समजलं नाही. मी स्वतः पळत जाऊन पुढचीला खो दिला. तिनं छातीवर हात ठेवून मान लववली. तिसरी लाजून लाल झाली. तिकडे बाई पोट धरून हसत होत्या.

“तुम्ही प्रत्येकीचे आभार का मानताय?”

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या भाषेत खो म्हणजे आभारी आहे! आणि त्या पोरी बिचाऱ्या ‘असू द्या, असू द्या’ म्हणत होत्या. निघण्यापूर्वी मी त्यांच्या भाषेतले चाळीस शब्द घोकले होते. पळा, बसा, पाणी, दुखतंय का. आभाराचा शब्द घ्यावा हे डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे आभार मानायचे ते कार्यक्रमाच्या शेवटी, आणि तेसुद्धा ज्याला भाषण मिळालं नाही त्यानं.

“शब्द बदला की,” बाई म्हणाल्या.

“अहो, खो काढला तर खेळात उरलं काय? खो ऐकला की उत्तर द्यायचं नाही. उठायचं आणि सुटायचं.”

तीन आठवडे मी हे त्यांच्या हाडीमाशी भिनवलं, आणि नको तितकं भिनलं. जेवणघरात कुणीतरी वाढणाऱ्या मावशींना खो म्हटलं की आमच्यातली एक जण भरल्या ताटासकट दाराबाहेर. गणिताचे सर वह्या गोळा करून खो म्हणाले, तर तीन बाकं रिकामी. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं.

“माझ्या शाळेत हल्ली आभार मानले की मुली पळून जातात. साहेबांसमोर असलं काही झालं, तर तुमचं सामान मी स्वतः बांधून देईन.”

मी घाईघाईनं दुरुस्ती केली. पाठीवर थाप पडली तरच उठायचं, नुसत्या शब्दाला नाही. आठवडाभर तेवढाच सराव घेतला आणि मग निर्धास्त झालो.

साहेब आले. कोट, चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर पुढच्या शाळेची घाई. मुली चौकोनांत तयार बसल्या होत्या. साहेब स्वभावानं प्रेमळ निघाले. म्हणाले, आधी मुलींना भेटतो. मी अडवेपर्यंत ते ओळीत शिरले, पहिल्या मुलीच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली आणि म्हणाले, “खो.”

मुलगी गोळीसारखी सुटली.

साहेब दचकले. तेवढ्यात शेजारच्या चौकोनातून शिडीनं त्यांचा कोट ओढला. “बसा. ज्यानं खो दिला त्यानं तिच्या जागी बसायचं.” आणि साहेब बसले, फक्कीत, चांगल्या पँटनिशी. मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. मी मनात सामान बांधायला लागलो.

सुटलेली मुलगी खांबाला वळसा घालून आली आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “खो.”

“असू द्या, असू द्या,” साहेब बसूनच म्हणाले.

“उठा! पळा!” बाराच्या बारा जणी ओरडल्या. चार वर्षं भिंतीला टेकलेल्या पोरींचा हा आवाज बाईंनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकला. साहेब उठले आणि पळाले. कोट फेकला, दोनदा आपटले, आणि शेवटी एकीला बाद केलं तेव्हा स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. दहा मिनिटांसाठी आलेला माणूस पाऊण तास खेळला.

धापा टाकत त्यांनी सही केली. “बुधवार यांचा.”

मला भरून आलं. बाई तर उघड उघड रडत होत्या. भिंतीशी कुणीच नव्हतं. मी त्या साहेबांचे, बाईंचे आणि पाठ थोपटून त्या बारा पोरींचे इतक्या वेळा आभार मानले की खेळ दोनदा चुकून पुन्हा सुरू झाला.

एकच झालं. साहेबांच्या छापील अर्जात खेळांच्या यादीत ‘आभार-आभार’ नावाचा खेळ नव्हता. म्हणून त्यांनी मंजुरी शिष्टाचाराच्या रकान्यात दिली आणि मलाही तसंच प्रमाणपत्र दिलं.

घरी आल्यावर बायकोनं ते चष्मा लावून वाचलं. “शिष्टाचार प्रशिक्षक? तुम्ही?”

मी गंभीर झालो. खरंच मनापासून वाटत होतं, म्हणून म्हणालो, “सहा आठवडे तू एकटीनं सगळं घर सांभाळलंस. मी तुझा आभारी आहे.”

तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. “काय हवंय ते सरळ सांगा.”

काही नको, म्हणालो. खरं म्हणजे चहा हवा होता, पण आता कुठल्या तोंडानं मागणार?