अनामिक यात्रेकरूची वेदना

भिंतीवरचे ते चित्र पाहिले आणि दिवाकरकाकांच्या घशात उद्घाटनाचा पेढा अडकला.

पुतणीचे पहिलेच प्रदर्शन, म्हणून काकांनी घरची यजमानांची वही तिला फोटो काढायला दिली होती. नाशकात तीर्थाला आलेल्या यजमानाने या वहीत गाव, कूळ, मुलाबाळांची नावे लिहायची आणि पुढे त्याच्या नातवंडांनी येऊन ती वाचायची, ही या तीर्थोपाध्यायांच्या घरची पाच पिढ्यांची रीत. वल्लरीने त्यातली पाने भिंतीएवढी मोठी केली होती. मधोमध होता शाईचा गरगरीत गिरगोटा. खाली पाटी : 'अनामिक यात्रेकरूची वेदना, १९११'.

"काका, लोक हलत नाहीयेत याच्यासमोरून!"

"वल्लू, ते जरा... मी काय म्हणतो..."

"नंतर सांगा ना, पेपरवाले आलेत!"

चारचौघांत बोलायचे म्हटले की काकांना घाम फुटे. तेवढ्यात पिंपळगावचे बहिरूतात्या पुढे आले. ज्या गावांची पाने वापरली, तिथल्या यजमानांना वल्लरीने आवर्जून बोलावले होते.

"गुरुजी, पान आमच्या गावचं हाय, आन् त्या साली आमचा पणज्याच तीर्थाला आलता. म्हंजे ही पणज्याची सही!" तात्यांनी चित्राला हात जोडले. "लय सोसलं आसंल बगा म्हाताऱ्यानं. वही आना. मीबी खाली अश्शीच सही करनार."

टेबलावरची वही काकांनी छातीशी धरली. पाच पिढ्यांत तिच्यात खोटे अक्षर गेले नव्हते.

"तात्या, ती सही नाही," काका पुटपुटले. "आमच्या वल्लूचं काम आहे. साडेतीन वर्षांची होती. माझी दौत सापडली हिला. मी धपाटाही घातला होता."

पेपरवाल्याचे पेन थांबले. वल्लरीने एकदा चित्राकडे पाहिले, मग त्याच्याच हातातले पेन घेऊन पाटी खोडली आणि लिहिले : 'वल्लरी, वय साडेतीन. वेदना धपाट्यानंतरची.'

पहिली टाळी पेपरवाल्याचीच पडली. तात्या मात्र हसले नाहीत.

"मंग आमचा पणज्या कुठंय?"

"गिरगोट्याच्या खाली," काका म्हणाले.

तात्यांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि त्याच पानावर, गिरगोट्याखाली, सावकाश लिहिले : 'बहिरू, पिंपळगाव. नाशकास आलो. पणज्याच्या नावावर गुरुजींच्या पुतणीने रेघोट्या मारल्या, त्या डोळ्यांनी पाहिल्या.'

काकांनी दोनदा वाचले. खोडायला एक शब्द खोटा नव्हता. त्यांनी मान खाली घालून पेन पुतणीपुढे केले.

"कर सही. साक्षीदार म्हणून."

"माझी सही आहे की, काका," वल्लरी म्हणाली. "वरच."