डॉक्टरांचे चार नवे टायर

रविवार आठ दिवसांवर आला, तरी दातांच्या डॉक्टरांचं टायरचं काही ठरत नव्हतं.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दोन दारांची, लाल रंगाची, भलतीच वेगवान अशी जुनी गाडी घेतली होती. शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी माणसांना एक दिवस गाडी पळवू देतात, तिथे नावही नोंदवलं होतं. तिथून पत्र आलं, 'टायर चांगल्या स्थितीत असावेत,' आणि त्या एका वाक्याने डॉक्टरांची झोप उडाली.

"चांगल्या म्हणजे किती चांगल्या?" त्यांनी बायकोला विचारलं. ती शाळेत इतिहास शिकवायची आणि त्या वेळी उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यात बसलेली होती.

"गोल असावेत," ती मान वर न करता म्हणाली.

"चेष्टा नको गं. ताशी दीडशेच्या वेगात मी आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त तळहाताएवढं रबर असतं!"

"मग तू दीडशेने जाऊच नकोस."

हे डॉक्टरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आता नाव नोंदवून झालं होतं.

टायरवाला डॉक्टरांचा जुना पेशंट. त्याने तीन टायर समोर मांडले. "चालवता कुठे?"

"घर ते दवाखाना. आणि वर्षातून दोनदा ट्रॅक."

"म्हणजे तीनशे त्रेसष्ट दिवस दवाखाना. ऐका. हा पहिला रस्त्याचा. टिकाऊ आहे, पण ट्रॅकवर चार फेऱ्यांत दमतो. हा तिसरा ट्रॅकचा. गोचिडासारखा चिकटतो, पण साबणासारखा झिजतो आणि साचलेल्या पाण्यात तरंगतो. तुम्ही हा मधला घ्या. उन्हाळी. दोन्हीकडे चालेल."

"यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. गार असला की जरा कडक असतो, सकाळी थोडं जपून. आणि रबर मऊ, म्हणून बारीक खडे उचलतो."

"थोडं जपून म्हणजे किती?"

"साहेब, माझी दाढ काढताना तुम्ही 'थोडं दुखेल' म्हणाला होतात," टायरवाला शांतपणे म्हणाला. "त्याच्यापेक्षा कमी."

मधले टायर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत चांगलाच गारवा होता. टायर गार, म्हणून डॉक्टर हळू निघाले. हळू निघाले, म्हणून टायर गरम होईनात. गरम होईनात, म्हणून वेग वाढवायची हिंमत होईना. शर्यतीसाठी जन्मलेली ती लाल गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली आणि तिच्या मागे पार वळणापर्यंत गाड्यांची रांग लागली. एक सायकलवाले आजोबा शेजारून पुढे गेले आणि जाता जाता काळजीने विचारून गेले, "बंद पडली का?"

डॉक्टर दवाखान्यात पोचले तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. आत सहा पेशंट गाल धरून बसले होते. तरी डॉक्टर आधी पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. खाचेत एक खडा रुतला होता. बोटाने निघेना. त्यांनी खिशातून दात तपासायची आकडी काढली आणि सवयीने पुटपुटले, "खोल गेलाय. हलू नकोस हं."

पहिला नंबर एका निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. ते खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"डॉक्टर, ही आकडी मघाशी चाकात होती ना?"

"छे छे!" डॉक्टर दुखावले. "ती वेगळी. ती कायमची चाकांसाठी बाजूला काढली आहे."

मुख्याध्यापकांनी गळ्यातला रुमाल स्वतःच सोडला, नीट घडी केली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू. आता बराच उतार वाटतोय."

डॉक्टरांनी दाराबाहेर डोकावलं. नंबर लावणाऱ्या बाई एकट्याच बसल्या होत्या.

"बाकीचे पाच?"

"दुखायचं थांबलं म्हणाले."

"पाचही जणांचं? एकदम?"

"हो. खिडकीशी उभे होते, तेव्हाच थांबलं."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शुक्रवारपर्यंत दवाखान्यात शुकशुकाट झाला, आणि काळजी करायला डॉक्टरांना दिवस मोकळा मिळाला. ते दर दोन तासांनी टायरची हवा मोजू लागले. मोजताना दर वेळी थोडी हवा सुटायची, मग ती कमी भरायची, कमी भरली की ते टायरवाल्याला फोन लावायचे. शेवटी टायरवाल्यानेच फोनवर हात जोडले, "साहेब, मोजून मोजूनच संपवाल हो!"

रविवारी बायकोही सोबत निघाली. ट्रॅकवर ऊन रखरखत होतं. टायर गरम होतील याची आता चिंता नव्हती, म्हणून डॉक्टर ते जास्त गरम होतील या चिंतेत होते. तेवढ्यात प्रशिक्षक बाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, आवाज खणखणीत.

"पहिलीच वेळ? मग तुमची गाडी त्या शेडखाली लावा. गेल्या महिन्यात एक नवखे गृहस्थ भिंतीला घासून आले. तेव्हापासून नवख्यांना आमचीच गाडी."

"पण माझे टायर..."

"सुंदर आहेत. आराम करू द्या त्यांना."

ट्रॅकवाल्यांची गाडी म्हणजे पांढरी, बुटकी, दाराला पोचा आलेली आणि सीटला चिकटपट्टी लावलेली. डॉक्टर हिरमुसून आत बसले. शेजारी बाई बसल्या. पहिली फेरी डॉक्टरांनी सवयीने जीव मुठीत धरून मारली. दुसऱ्या फेरीत त्यांच्या लक्षात आलं की इथलं काहीच आपलं नाही. खडे त्यांचे, हवा त्यांची, पोचाही त्यांचाच. डॉक्टरांचा पाय आपोआप खाली गेला. पुढच्या वळणावर चारही चाकं किंचाळली.

"ओरडतायत!" डॉक्टर ओरडले.

"ओरडू द्या! ओरडतायत तोवर रस्ता धरून आहेत. गप्प झाली की मग घाबरू."

तिसऱ्या फेरीत डॉक्टर हसत होते. पाचवीत ते गात होते. गाणं कोणतं ते बाईंना ओळखता आलं नाही. तोवर गाडी चालवलेल्या सात नवख्यांमध्ये सगळ्यात कमी वेळ डॉक्टरांचा निघाला.

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"दातांचा डॉक्टर आहे."

"तरीच. ओरडणं ऐकायची सवय दिसते."

शर्ट घामाने चिंब, केस उभे, चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा, अशा अवतारात डॉक्टर बायकोकडे आले आणि कोणत्या वळणावर काय झालं ते हातवारे करून सांगत सुटले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एवढी पळवलीस, टायर कुठले होते रे तिला?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. पांढरी गाडी दुसऱ्या नवख्याला घेऊन केव्हाच लांब गेली होती.

"अगं," ते म्हणाले, "बघायचंच राहिलं."