धनेशरावांचा एकांत

मुलांनो, एका जंगलात, जिथे सगळं फुकट मिळायचं आणि तरीही सगळे दमलेले असायचे, तिथे धनेशराव आणि कुमुद नावाचं धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत होतं. नुकतंच लग्न झालेलं.

धनेश पक्षी तुम्ही पाहिला नसेल. भली मोठी पिवळी चोच, आणि वर टोपी घातल्यासारखं शिंग. टोपीमुळे नर फार विचारी दिसतो. मादीलाही टोपी असते, पण तिच्याकडे बघून तसं कुणी म्हणत नाही.

त्यांच्यात एक रीत आहे. लग्न झालं की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी घालते, आणि तिची उडायची पिसं गळून पडतात. मग नराने उंबराची फळं आणायची आणि फटीतून तिला भरवायची. बघणाऱ्याला हे फार प्रेमळ वाटतं. बघणारा अर्थात बाहेर असतो.

कुमुद आत गेली. अंडी झाली. पिसं गळली. धनेशराव फळं आणू लागले.

एक दिवस नदीकाठी त्यांनी कुमुदसाठी घेतलेलं उंबर चुकून स्वतःच गिळलं. त्यांनी दचकून इकडेतिकडे पाहिलं. काही झालं नाही. आभाळ होतं तिथेच होतं, नदी वाहत होती. त्यांनी दुसरं गिळलं. तरीही काही झालं नाही.

त्या क्षणी त्यांना साक्षात्कार झाला.

संध्याकाळी ते ढोलीपाशी आले.

"अगं, मी चाललो."

"आत्ता कुठे? आधी फळं द्या की."

"फळं नाहीत. मी स्वतःच्या शोधात चाललोय. कोण कुठला समाज, त्याने म्हणायचं फळं आण, आणि मी आणायची? मी मेंढरू आहे का?"

"मेंढरं फळं आणत नाहीत हो," कुमुद म्हणाली. "बरं, शोध लागला की जेवायला याल ना?"

"तू पण स्वावलंबी हो, कुमुद. दुसऱ्याच्या चोचीकडे बघत जगू नकोस."

"मला पिसं नाहीत. बाहेर कशी येऊ?"

"पिसं मनाला असतात," धनेशराव म्हणाले आणि आपल्या पिसांनी उडून गेले.

कुमुदने बराच वेळ फटीतून आभाळाची चिंचोळी पट्टी पाहिली. मग ती अंड्यांवर नीट बसली. अंडी सोडून स्वतःच्या शोधात जायचं तर अंडी गार पडली असती.

बातमी कळल्यावर शेजारची खारुताई आली. "अगोबाई, असा कसा गेला? आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले. चोचच तेवढी बाहेर येते ना."

खारुताई रोज दोन-चार फळं आणून देऊ लागली. सासूबाईही येत. त्यांना दिसायचं कमी. कधी उंबर आणत, कधी गोल खडा. "घे गं बाई, गोड आहे," म्हणत. कुमुद खडा बाजूला ठेवून म्हणे, "हो, फार गोड आहे, आई."

"हा लहानपणापासूनच निराळा," सासूबाई कौतुकाने म्हणत. "सगळे झोपले की हा जागा. सगळे उठले की हा झोपलेला."

पिल्लं बाहेर आली. दोन. दोघांच्याही चोची सदा उघड्या. कुमुद मिळेल ते त्यांना भरवायची आणि स्वतः ढोलीच्या भिंतीला टेकून बसायची. ती इतकी वाळली की ढोली तिला मोठी होऊ लागली.

तिकडे नदीकाठी धनेशरावांचं नाव झालं होतं.

"कुणाचंही ऐकू नका!" ते खडकावर बसून सांगत.

"नाही ऐकणार!" खाली बसलेली माकडं, मोर आणि ससे एका सुरात म्हणत.

"गर्दीच्या मागे जाऊ नका!"

"नाही जाणार!" गर्दी म्हणे.

गर्दीहून वेगळं दिसावं म्हणून सगळ्यांनी गळ्यात एकाच वेलीचा तुकडा बांधला होता. एक ससा विसरून तसाच आला, तर त्याला मागे बसवलं.

शिष्यमंडळी अधूनमधून कुमुदचं झाडही बघायला येत. इथेच गुरुजींनी संसार सोडला, असं नव्याने आलेल्यांना सांगत आणि फांदीवर बसून डबा खात.

एकदा एका माकडाने फटीत डोकावून विचारलं, "आपण त्यांच्या पत्नी? काय भाग्य हो तुमचं!"

"हो ना. ठेवायला जागा नाही," कुमुद म्हणाली. "तब्येत कशी आहे त्यांची? खातात काय?"

"छे! ते अन्नाच्या मागे जात नाहीत. निसर्गच त्यांना देतो."

"निसर्ग म्हणजे कोण?"

"सकाळी मी. संध्याकाळी मोर."

कुमुद गप्प बसली. ती तशी गप्पच असे. पण मुलांनो, गप्प बसणारी माणसं तेव्हा काय करत असतात, हे कुणी विचारत नाही.

तिची पिसं पुन्हा येत होती. पंख भरले त्या सकाळी तिने चोचीने भिंत फोडली, पिल्लांना ढोलीतच खारुताईच्या हवाली केलं आणि डुगडुगत नदीकाठी गेली.

सभा भरली होती. धनेशराव चांगलेच गोलमटोल झाले होते. कुमुदला बघून ते जरा सरकले.

तिने वाकून नमस्कार केला. "एक शंका होती."

"विचार, विचार."

"इतक्या गर्दीत तुम्हाला एकांत मिळतो का?"

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मिळवावा लागतो," धनेशराव घसा साफ करत म्हणाले.

"माझ्या माहितीत एक जागा आहे. झाडाच्या अगदी पोटात. चारी बाजूंनी बंद. निसर्ग इतका जवळ की कूस बदलायला जागा नाही. समाज बघायचा म्हटलं तरी दिसत नाही. मी राहून पाहिलंय."

"गुरुजी!" माकड उठून उभं राहिलं. "हेच तर तुम्ही आम्हाला सांगत आलात!"

"हो, पण मी गेलो तर तुम्हाला शिकवेल कोण?"

"कुणाकडून शिकू नका, असं तुम्हीच शिकवलंत, गुरुजी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनेशरावांना नाही म्हणायचं होतं, पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

त्यांना वाजतगाजत झाडाशी नेलं. ते आत शिरले. शिष्यांनी चढाओढीने चिखल आणला, आणि कुमुदने दाखवलं तसं दार लिंपलं. फट तेवढी ठेवली. मग ऐकवायला कुणी नाही म्हटल्यावर मंडळी पांगली. पलीकडच्या डबक्यात एका बेडकाने मौनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली होती, मोठमोठ्याने. सगळे तिकडे गेले.

कुमुद उंबरावर गेली. किती दिवसांनी तिने आधी स्वतः खाल्लं. पोटभर. मग पिल्लांसाठी फळं घेऊन आली.

फटीतून एक मोठी चोच बाहेर आलेली होती.

"अगं."

"काय हो?"

"भूक लागलीय."

"ही आधी पिल्लांना द्या. उरलं तर तुम्ही घ्या."

आत जोरात झटापट झाली. एका पिल्लाने वडिलांच्या टोपीवर चढून फळ पळवलं, दुसऱ्याने त्यांच्या चोचीतलंच ओढून घेतलं.

"अगं, ही माझं मुळीच ऐकत नाहीत!" धनेशराव रडकुंडीला येऊन ओरडले.

"अहो, मग शिकली की," कुमुद म्हणाली आणि आणखी फळं आणायला उडून गेली.

तात्पर्य : नवऱ्याला संसारातून मोकळं व्हावंसं वाटलं तर रडू नये, अडवूही नये. त्याला मुलांसकट आत बसवावं, दार नीट लिंपून घ्यावं आणि बाहेरून दोन वेळचं देत राहावं. स्वावलंबनाला एवढा आधार लागतोच.