उंच आसन नको

ललिताच्या बुद्धवंदनेच्या मेणबत्त्या कमी होत होत्या, आणि घरातली वीज तर एकदाही गेलेली नव्हती.

पहिल्यांदा दोन गेल्या तेव्हा तिने आपल्याच विसराळूपणाला दोष दिला. पुढच्या आठवड्यात अख्खं पाकीट गेलं. मस्कतच्या अझैबा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये माणसं दोनच. मुलगी रचना पुण्याला शिकायला गेल्यापासून मेणबत्ती लावणारी एकटी ललिता, आणि ती पळवू शकेल असा एकटा तिचा नवरा सतीश. त्यातही मेणबत्त्या गुरुवारी संध्याकाळीच जायच्या. मग शुक्रवारी पहाटे, सुटीचं सगळं मस्कत झोपेत असताना, सतीश बूट चढवत म्हणायचा, "रुसैलला जाऊन येतो गं. फॅक्टरीतल्या जनरेटरने पुन्हा मान टाकलीय."

बावीस वर्षं दोघं रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणत आले होते. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील तर सतीश जरा खड्या आवाजातच म्हणायचा. असा माणूस तासाभरात खोटं बोलत असेल, तर उरलेल्या चार शीलांची काय खात्री? त्यातून तिसरं शील परस्त्रीबद्दलचं. ललिताला घास गोड लागेना.

त्या हिवाळ्यात मस्कतची हवाही बिघडलेली. एका शुक्रवारी पाऊस, वाद्या म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे भरून रस्त्यावर पाणी. पुढच्या शुक्रवारी डोळे उघडू न देणारा वाळूचा वारा. अशा दिवशी सतीश घरीच राहायचा, पण खिडकीशी उभा राहून उसासे टाकायचा.

"वारा मागून आहे आज," तो एकदा पुटपुटला.

"कुणाच्या मागून?"

"अं? कुणाच्या नाही. आपला असाच."

"जनरेटरला वारा लागतो का हो?"

"लागतो ना," सतीश म्हणाला. "थंड राहायला."

एवढ्यात रचनाची जांभळी, चमचमती लेगिंग कपाटातून नाहीशी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचायला घेतलेली, ताणली की कुणालाही बसेल अशी. ललिता उठली आणि थेट वरच्या मजल्यावर रशीदाकडे गेली. रशीदा रत्नागिरीकडची, मनाने मोकळी, आणि दुसऱ्याच्या संसारातलं तिला फार लवकर कळायचं.

"अगो, सरळ आहे," रशीदा म्हणाली. "लेगिंग त्या बाईला भेट दिलीन. आणि मेणबत्त्या लावून उघड्यावर जेवण मांडतोय तुजा घोव. पाऊस आला की विझतात, म्हणून तोंड पडतं त्याचं."

"पहाटे साडेपाचला जेवण?"

"मग नाश्ता असेल! प्रेमात पडलेल्या माणसाला भूक कधी लागेल, सांगता येतं?"

पुढच्या शुक्रवारी त्याच्या मागे जायचं ठरलं. नेमकी त्याच दिवशी पौष पौर्णिमा आली. पौर्णिमेला ललिता अष्टशील पाळायची. पांढरे कपडे, दुपारनंतर अन्न नाही, दागिना नाही, करमणूक नाही, आणि उंच आसनावर बसायचं नाही. नवऱ्याचा पाठलाग करू नये, असं मात्र आठांत कुठे नव्हतं. तिने दोनदा तपासून पाहिलं.

"ह्यांची जीप काढते," खाली येत रशीदा म्हणाली. "वाळूत कुठं शिरायची पाळी आली तर बरी."

"जीपची सीट उंच असते."

"या अल्ला! मग माझ्या डबड्यात चल."

रुसैलचा रस्ता सरळ पुढे जात होता. सतीशची गाडी मात्र बौशरकडे वळली. ललिता सीटवर पुढे सरकली. रशीदाचा चेहरा म्हणत होता, बघ, मी सांगितलं नव्हतं?

बौशरच्या वाळूच्या टेकड्यांपाशी रशीदाचं डबडं दहा हात जाऊन रुतलं. आदल्या दिवशीच्या पावसाने धुकं पडलेलं. दोघी चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून चढू लागल्या. धुक्यातून आधी एक परांची दिसली, इमारतीला रंग देताना बांधतात तशी. तिच्या माथ्यापासून फळ्यांची लांब घसरगुंडी टेकडीच्या कडेपर्यंत उतरत होती. आणि अगदी वर, गुडघे वाकवून, पाठमोरी, जांभळ्या चमचमत्या लेगिंगमध्ये ती उभी होती.

"तीच!" रशीदा कुजबुजली. "जा, धर झिंज्या! मी आहे पाठीशी." आणि ती परांचीच्या पायथ्याशी बसून चपलेतली वाळू झाडू लागली.

ललिता उभ्या जन्मात कुणावर ओरडली नव्हती. शिडी चढता चढता ती मनात शब्द जुळवत होती. "बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही, पण," एवढ्यापर्यंत ते जुळलेही. तेवढ्यात बाई वळली. बाईच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि हेल्मेटखाली मिशा.

"अहो!"

"ललिता!"

शेजारी पांढऱ्या, पायघोळ ओमानी दिशदाशातला एक तरुण हातात झेंडा घेऊन उभा होता. तो सतीशच्या फॅक्टरीतला सेफ्टी ऑफिसर हसन. बर्फाच्या देशात शिकून आलेला. येताना तो पदवी आणि लांबलचक स्कीच्या दोन जोड्या घेऊन आला होता.

"वेलकम, भाभी!" हसन आनंदाने म्हणाला. "स्की जंप! बर्फ नही तो क्या, रेत तो है. सर बहुत मेहनत करते हैं."

स्की घसराव्यात म्हणून त्यांच्या तळाला मेण चोळावं लागतं, हे ललिताला तिथेच कळलं. कुठलं मेण, ते विचारायची गरज उरली नाही.

"आणि जनरेटर?" तिने विचारलं.

"बिघडला होता की," सतीश म्हणाला. "ऑगस्टमध्ये."

"रोज सकाळी माझ्या शेजारी हात जोडून बसता," ललिता म्हणाली, "आणि उठून खोटं बोलता?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

"मग सरळ विचारायचं होतं. मी सरळ नाही म्हटलं असतं."

सतीशने हेल्मेट काढलं. "लाज वाटली गं. ऑफिसात मी स्टुलावर चढलो तरी खालून दोघं धरतात मला. इथे कुणी धरत नाही. साडेचार मीटर जातो मी आता."

ललिता परांचीचा बांबू धरून उभी होती. ते पाहून हसनने आपली प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. "भाभी, बैठो, बैठो."

इतक्या उंचावर, वर खुर्ची! "नको," ललिता म्हणाली. "आज उंच आसन नको."

तिने सभोवार पाहिलं. घसरगुंडीच्या तोंडाशी दोन स्कींवर एक आडवी फळी ठोकलेली होती, जेमतेम वीतभर उंच. फळीवर वाळूचं पोतं होतं आणि पुढे अडसर म्हणून एक वीट. वाऱ्याचा अंदाज घ्यायला माणसाआधी हे पोतं सोडत. ललिताला एवढंच दिसलं की बसायला याहून खालची जागा इथे नाही. तिने पोतं बाजूला सरकवलं, पांढरी ओढणी सावरली आणि बसली. मग मांडी घालायला जागा होईना, म्हणून वीटही उचलून नीट कडेला ठेवली.

"भाभी, नो!" हसन ओरडला.

"बुद्धं सरणं," ललिता म्हणाली, तेव्हा ती फळ्यांवर होती. "धम्मं सरणं" म्हणाली तेव्हा फळ्या संपल्या होत्या. धुक्यातून एक पांढरी आकृती ताठ बसल्या बसल्या टेकडीच्या कडेवरून गेली. "संघं सरणं गच्छामि" खालच्या वाळूवर, मांडी न मोडता, अगदी अलगद पूर्ण झालं.

सतीश धावत, घसरत, शेवटी गडगडत खाली पोहोचला. "लागलं का गं? हात हलव! पाय हलव!"

"मला काही झालं नाही," ललिता म्हणाली. "तुमच्या नाकात वाळू गेलीय."

हसनने फीत लावली. मग पुन्हा लावली. "अकरा मीटर," तो हळूच म्हणाला आणि त्याने सतीशकडे पाहायचं टाळलं.

घरी येईपर्यंत सतीशने तीनदा माफी मागितली. ललितानेही, शंका घेतल्याबद्दल, एकदा मागितली. तिचं मन स्वच्छ झालं. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सतीशला लागली नाही. हसनने पाठवलेला व्हिडिओ तो दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी सातव्यांदा, संथ गतीने पाहत होता.

"ललिता, खरं सांग. असं उतरायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. मी भ्याले होते."

"भ्यालेला माणूस डोळे मिटतो. तुझे उघडे आहेत."

"कुठे पडणार ते बघत होते."

"हं." त्याने व्हिडिओ मागे नेला. "मी ऑफिसात असतो तेव्हा तू रशीदाबरोबर कुठे जातेस?"

"भाजीला."

"भाजीला," सतीश सावकाश म्हणाला, आणि त्याने व्हिडिओ आठव्यांदा लावला.

सोमवारी संध्याकाळी दोघी पिशव्या घेऊन निघाल्या. दुसऱ्या वळणावर रशीदाने गाडीच्या आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अगो, तुजा घोव! दोन गाड्या सोडून मागं येतोय. टोपी घातलीय मेल्यानं."

ललिताने मागे वळून पाहिलं नाही.

"जरा हळू चालव," ती म्हणाली. "त्यांना इकडची वळणं सापडत नाहीत."