सासरेबुवा आणि ब्लोअरचा झोत

गाड्यांमधलं मला सगळं कळतं! मेकॅनिक सोडून कुणालाही मी हे छातीठोकपणे सांगतो.

माझा ट्रक जुना आहे. इतका जुना, की त्याचा एखादा पार्ट मागितला तर दुकानदार आधी माझ्याकडे सहानुभूतीने बघतो. त्यातून मी बेकऱ्यांना मैद्याची पोती पोचवतो. ट्रक तसा ठणठणीत. फक्त हीटरचा ब्लोअर लहरी. मनात आलं तर दम्याच्या पेशंटसारखी फुंकर घालायचा, नाहीतर दिवसभर मौन!

अशात ऐन थंडीत सासरेबुवांचा सत्कार ठरला. ते निवृत्त हेडमास्तर. शेजारच्या गावातल्या त्यांच्या जुन्या शाळेने बोलावलं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी मला जावई म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. म्हटलं, हीच संधी!

"बाबांना मी नेतो. ट्रकमधून!"

"अहो, टॅक्सी करू या ना," बायको म्हणाली. "तुमचा तो हीटर! बाबा गारठून जातील."

"हीटर? एका सकाळचं काम!"

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखाली डोकं खुपसून, पाय दाराबाहेर काढून मी कामाला लागलो. पाय दिसताच शेजारचे काका आलेच. काका पाणीखात्यातून निवृत्त झालेले, पण जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं निदान एकच.

"अर्थिंग!" काका म्हणाले.

"काका, पंख्यात मैदा अडकलाय."

"अर्थिंग नसलं की अडकतो!"

मी पंखा काढून लख्ख केला, परत बसवला. तरी वारा आपला रुसलेलाच. मग काकांनी बोट ठेवलं ते वेग कमीजास्त करणाऱ्या रेझिस्टरवर.

"ही मधली भानगड हवीच कशाला? बटण नको, रेझिस्टर नको. वायर थेट बॅटरीला जोड!"

आणि सांगायला लाज वाटते, मला ते पटलं! वायरी पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. ब्लोअर असा घोंघावला, की काकांची टोपी मागे सरकली. आम्ही दोघांनी हात मिळवले. तेवढ्यात तो बंद पडला.

"दमला असेल," काका म्हणाले. "गाडी चालली की चालेल."

निघायच्या वेळी सासरेबुवा खाली आले ते काळ्या सुटात. केसही ताजे काळेभोर रंगवलेले! बायको मधे, ते खिडकीशी. गावाबाहेर पडेपर्यंत आत इतका गारठा झाला, की आम्ही तिघंही वाफा सोडत होतो.

"तुमचं ते यंत्र चालू आहे ना?" सासरेबुवांनी विचारलं.

"हो तर! गरम व्हायला वेळ लागतो, बाबा."

"मला तर काहीच लागत नाही." ते वाकले आणि त्यांनी वाऱ्याच्या जाळीशी थेट तोंड नेलं.

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मी डॅशबोर्डवर एक सणसणीत गुद्दा घातला!

ब्लोअर जागा झाला. पंखा मी साफ केला होता, पण त्यापुढची नळी? ती कोण बघतो! वर्षानुवर्षं साठलेला मैदा एका दमात बाहेर आला. मला रस्ता दिसेना. करकचून ब्रेक दाबला. धुरळा खाली बसला, तेव्हा खिडकीशी एक पुतळा होता. पुतळ्याने डोळे उघडले.

"पाणी द्या," पुतळा म्हणाला.

"पाणी नको, बाबा!" बायको किंचाळली. "कणीक होईल!"

झटकून झटकून सूट राखाडीवर आला. केस मात्र पांढरे ते पांढरेच. इकडे ब्लोअर थांबायला तयार नाही. किल्ली काढली, तरी चालूच! थेट बॅटरीला जोडला होता ना! वायर तोडायला पकड हवी, तर तीही काकांकडेच राहिलेली.

शाळेत पोचलो तेव्हा सत्कार सुरू व्हायचाच होता. अध्यक्षांनी सासरेबुवांकडे पाहिलं आणि हातच जोडले.

"मंडळी, या माणसाने आपल्या शाळेसाठी केस पांढरे केले!"

टाळ्यांचा कडकडाट! सासरेबुवा नम्रपणे वाकले, तसा डोक्यावरून एक छोटा ढग निघाला आणि पहिल्या रांगेतले सगळे शिंकले. बाहेर माझा ट्रक रिकाम्या मैदानात एकटाच घोंघावत होता.

"बाहेर उभे आहेत ते कोण?" दाराशी उभ्या माझ्याकडे बघत अध्यक्षांनी विचारलं.

"ड्रायव्हर," सासरेबुवा म्हणाले.

परत जाताना अध्यक्षांनी त्यांना आपल्या गाडीत घेतलं. बायको माझ्याकडे आली. मला वाटलं, ट्रकमध्ये बसायला येतेय. तिने फक्त आपली पर्स उचलली.

मी एकटाच निघालो. मैदा अजून उडत होता म्हणून दोन्ही काचा खाली. गुडघे भाजत होते, कान गोठत होते. वाटेत अध्यक्षांची गाडी मला मागे टाकून गेली. आत सगळे हसत होते.

हीटरबद्दल आता घरात कुणाचीही तक्रार नाही. ट्रकमध्ये बसतंय कोण!