पाहुण्यांची गाडी

गाडी कुणाची आहे हे विचारायचं नाही, असं संजीवने सोमवारी सकाळी ठरवलं आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली. अहो, एक शब्द विचारला असता तर काय तोंड झिजलं असतं? पण नाही. संजीवचे पणजोबा होळकरांच्या दरबारी नोकरीला होते, आणि कुणाला काही न विचारता अख्खा जन्म काढणं हे त्या घराण्याचं खास कसब. (विचारणाऱ्यांना बढत्या मिळाल्या म्हणतात. यांना पेन्शन मिळाली.)

इंदूरच्या छत्रीबागेत संजीवचं घर आणि शंकररावांचं घर शेजारीशेजारी, आणि दोघांच्या मधून फरशीची एक लांबट वाट. फाटक एक, वाट एक, रुंदी एका गाडीपुरती. वाटेच्या पार आतल्या टोकाला संजीवची नवी कोरी निळी कार उभी असायची. त्या सोमवारी तो ऑफिसला निघाला आणि बघतो तर काय, फाटकाच्या आत एक अनोळखी पांढरी कार! मध्येच, वाट अडवून, बापाची जागा असल्यासारखी.

संजीव घरात परत आला. "शंकररावांकडे कुणीतरी आलंय."

त्याच्या बायकोने, शिखाने, खिडकीतून वाकून पाहिलं. "मला तर वाटतंय संबोधीला बघायला आलेत!"

संबोधी म्हणजे शंकररावांची मुलगी. विजय नगरला आयटी कंपनीत होती. तिच्या लग्नाची घाई तिला सोडून गल्लीत सगळ्यांना होती.

"मग गाडी जरा हटवा म्हणू का? मला निघायचंय."

"खबरदार! पोरीचं जमून राहिलंय आणि तुम्ही गाडी हटवायला सांगणार? काय म्हणतील लोक? यांना बघवत नाही म्हणतील. रिक्षाने जा."

संजीवने लगेच मान डोलावली. तुम्हाला म्हणून सांगते, तो मनातून सुटलाच होता. कार घेऊन महिना होत आला, पण त्या वाटेतून रिव्हर्समध्ये बाहेर निघायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर निळा रंग लागला होता तो काही रंगाऱ्याने लावला नव्हता.

मग असल्या माणसाने कार घेतली कशाला? तर सासऱ्यांसाठी. सासरे रघुवीरराव ग्वाल्हेरला राहतात. मागच्या खेपेला संजीवने त्यांना स्टेशनवरून स्कूटरवर आणलं. मागे सासरे, सासऱ्यांच्या मांडीवर बॅग, बॅगेवर तिळगुळाच्या गजकचा डबा. घरी पोचेस्तोवर गजकचा चुरा आणि सासऱ्यांच्या कमरेचा त्याहून बारीक चुरा. तेव्हा चारचौघांत ते म्हणाले होते, "जावईबापू, गाडी घ्यायला नुसता पगार असून भागत नाही, छाती लागते." ते वाक्य संजीवला असं काही झोंबलं की त्याने कर्ज काढून कार घेतली. आणि आता येत्या रविवारी रघुवीरराव यायचे होते. "माझे बाबा आपल्या गाडीतून घरी आले पाहिजेत," शिखाने बजावलं होतं. "बस. मला बाकी काही माहीत नाही."

मंगळवारी पांढरी कार पुन्हा हजर. बुधवारीही. सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. संजीव रोज रिक्षाने ऑफिसला. वर शेजारधर्म म्हणून शिखाने शंकररावांकडे वाटीभर श्रीखंड पाठवलं, पाहुण्यांसाठी. त्याच वाटीतून शंकररावांच्या पत्नीने, कौसल्याबाईंनी, बेसनाचे लाडू परत पाठवले. "पाहुण्यांसाठी केलेत" असा निरोपही आला. शिखाला गहिवरून आलं. "किती मोठं मन बघा! त्यांच्या पाहुण्यांच्या निमित्ताने आपलं तोंड गोड करतायत."

बुधवारी संध्याकाळी भिंतीपाशी शंकरराव भेटले. शंकरराव महूचे. वडील फौजेत, स्वतः रेल्वेत, त्यामुळे माणूस शिस्तीचा. कुणाच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही हा त्यांचा बाणा.

"काय संजीवजी, पाहुणे काय म्हणतात?" त्यांनी हळूच विचारलं.

आपलं मत विचारतायत, असं संजीवला वाटलं. पाहुणा त्याने खिडकीतून पाहिला होता. "मला तर माणूस पसंत आहे हो! शांत, सरळ. डोळे मिटून हो म्हणा."

"मी? बरं... हो," शंकरराव म्हणाले. "अजून किती दिवस येतील?"

"आता काय, हे येणं-जाणं जन्मभराचं!"

 "तुमची सहनशक्ती मोठी आहे," असं म्हणून शंकररावांनी त्याचा खांदा दाबला आणि आत निघून गेले. मुलीच्या बापाचं मन हळवं झालंय, असं संजीवने घरी येऊन सांगितलं. शिखाने डोळे पुसले.

गुरुवारी संजीवने कमालच केली. पांढरी कार आली तसा तो स्वतः फाटकात जाऊन उभा राहिला. "आने दो, आने दो, लेफ्ट काटो, बस!" कारमधून चौकटीच्या शर्टातला एक हसरा तरुण उतरला. संजीवने त्याचा हातच धरला.

"पोहे खाए बिना नहीं जाना, भिया!"

तरुणाने आढेवेढे घेतले नाहीत. (इंदुरात सकाळच्या पोह्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.) नाव ऋषभ. शेवेचा डोंगर घातलेले दोन बशा पोहे त्याने बघता बघता संपवले.

"अंकल, आप लोग कितने अच्छे हो यार! हमारे विजय नगर में किसी के घर के आगे गाड़ी लगा दो तो डंडा लेके आते हैं."

"अपने यहाँ वैसा नहीं है. तुम तो अब घर के ही हुए. और संबोधी, क्या बताऊँ, लाखों में एक!"

"कौन?"

संजीवने डोळा मारला. "समझ गए, समझ गए. अभी किसी को बताना नहीं है."

ऋषभला काही कळलं नाही, पण तिसरी बशी समोर आल्यावर त्याने कळून घ्यायचा नाद सोडला. मिशीतली शेव झटकत तो बाहेर पडला, तेव्हा शंकरराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

अखेर रविवार उजाडला. संजीवने इस्त्रीचा शर्ट घातला, देवाला नमस्कार केला (एक सासऱ्यांसाठी, एक रिव्हर्ससाठी) आणि किल्ली फिरवत बाहेर आला. बघतो तर निळ्या कारच्या मागे एक लाल कार आणि लाल कारच्या मागे, फाटकापाशी, पांढरी! एकाच्या दोन! आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. रघुवीररावांची ट्रेन यायला थोडकाच वेळ उरला होता. तो धावत शंकररावांच्या दारात गेला.

"शंकरराव, माफ करा, पण तुमच्या जावयांना जरा गाडी काढायला सांगता? लालवाले सोयरे पण उठवा. माझे सासरे येतायत हो!"

"कोण जावई?"

"आता लपवता कशाला? संबोधीचे!"

आतून संबोधी टूथब्रश तोंडात धरून बाहेर आली. "माझे कोण?"

"अहो, ती पांढरी गाडी तर तुमच्या मेहुण्याची ना?" शंकरराव म्हणाले. "शिखाताईंचा भाऊ. त्या दिवशी तुमच्याकडे पोहे खाऊन गेला तो!"

"शिखाला भाऊ नाही!"

"आणि मला जावई नाही!"

 मग कौसल्याबाई आतून कडाडल्या, "म्हणजे माझे लाडू कोणी खाल्ले?"

तेवढ्यात फाटकापाशी खुद्द ऋषभ सापडला, आताच गाडी लावून निघालेला. शंकररावांनी फौजी आवाजात विचारलं, "ए भिया! तू है कौन?"

ऋषभ कोणीच नव्हता. कृष्णपुऱ्याकडे त्याच्या मामाचं साड्यांचं दुकान होतं, तो तिथे बसत होता. सोमवारी बाजारात कुठे जागा मिळाली नाही म्हणून दोन मिनिटं गाडी इथे लावली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, तरी कोणी बोललं नाही. गुरुवारी तर पोहे मिळाले. "तो मैंने दोस्त को भी बता दिया," तो भोळेपणाने म्हणाला. "लाल गाड़ी उसी की है."

"त्याला बोलाव! ताबडतोब!"

"वो तो भाभी के साथ शादी की साड़ियाँ लेने गया है."

झालं. लग्नाच्या साड्या म्हणजे दिवेलागणीपर्यंत निश्चिंती. संजीव ओट्यावर मटकन बसला. त्याला खरंच रडू येत होतं. सासऱ्यांसाठी कर्ज काढून घेतलेली कार समोर दिसत होती आणि सासरे रिक्षाने येणार होते. त्याचा तो चेहरा बघून ऋषभ विरघळला. पोह्यांना जागणारा मुलगा होता. "अंकल, टेन्शन नहीं लेने का! मेरी तो बाहर ही खड़ी है. चलो, मैं ले चलता हूँ."

स्टेशनवर रघुवीरराव बॅग आणि गजकचा डबा घेऊन उभे होते. समोर पांढरी शुभ्र गाडी थांबली, एका तरुणाने उतरून दार उघडलं, बॅग डिकीत ठेवली आणि अदबीने म्हणाला, "बैठिए दादाजी." रघुवीररावांनी गाडीकडे पाहिलं, तरुणाकडे पाहिलं आणि जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू! गाडी घेतलीत, वर ड्रायव्हरही ठेवलात?"

आता इथे तरी बोलावं की नाही माणसाने? पण सासऱ्यांच्या डोळ्यांत आपल्याबद्दल कौतुक संजीव लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होता.  "हो, म्हणजे... आपलं असंच," तो पुटपुटला. ऋषभने आरशातून बघितलं, सगळं ओळखलं आणि भलताच रंगात आला. "साहब, एसी बढ़ाऊँ? साहब, कल ऑफिस कितने बजे निकलना है?" छत्रीबाग येईस्तोवर त्याने संजीवला मॅनेजर करून टाकलं होतं.

घरी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. 'ड्रायव्हर'ही पोटभर जेवला आणि पांढरी गाडी फाटकातच ठेवून दुकानात गेला. रघुवीररावांचं कौतुक काही थांबेना. "शिखे, तुझा नवरा मला असा वाटला नव्हता हो." शिखाचा चेहरा असा फुलला की खरं सांगायला निघालेल्या संजीवला तिने पदराआडून चिमटा काढला. जेवून उठताना सासऱ्यांनी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं.

"आणि काय हो, तुमच्या गाडीच्या पलीकडे त्या दोन कुणाच्या?"

"त्या ना?" संजीवने पडदा सारखा केला. "बाहेरचे लोक. लावून जातात."

"आणि तुम्ही चालवून घेता? अहो, उद्या घरात येऊन झोपतील!"

"जाऊ द्या ना बाबा, आपण विडा खा," असं म्हणून संजीवने विषय बदलला आणि जरा आडवा झाला. आठवडाभराची दगदग होती, डोळा लागला. जागा झाला तर सासरे घरात नव्हते. कसलासा फुस्स आवाज येत होता. संजीव धडपडत मागच्या दारी गेला.

रघुवीरराव धोतर खोचून त्याच्या निळ्या कारपाशी उकिडवे बसले होते. हातात आगकाडी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान. पलीकडे ओट्यावरून शंकरराव बघत होते, पण संजीवच्या सासऱ्यांना आपण कसं टोकायचं, म्हणून गप्प होते.

"या, या! लाल आहे ती निदान वाटेत उभी आहे," सासरे म्हणाले. "पण ही? पार आत घुसलीय! सगळ्यात निर्लज्ज ही. वर ठिकठिकाणी घासलेली. चालवणारा कुणी गाढव दिसतो."

"बाबा, पण हवा..."

"तीन चाकांची सोडली. वाकून वाकून कंबर धरली माझी. चौथं तुम्ही करा."

त्यांनी काडी पुढे केली. दारात शिखा डोळे मोठे करून 'एक अक्षर बोलू नका' अशी खूण करत होती. संजीव निमूटपणे वाकला. निळी कार हळूहळू खाली बसली.

"शाब्बास जावईबापू!" रघुवीररावांनी त्याची पाठ थोपटली. "उद्या सकाळपर्यंत ही इथून हलली नाही, तर काचा फोडू."