एका गाण्याचा पेशंट

दाढ खोलवर किडलेली होती आणि दाताचे डॉक्टर खुशीत होते. पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी गेली की त्याला बोलता येत नाही. घरी ज्याला कुणी बोलू देत नाही, अशा माणसाला हा धंदा फार मानवतो.

कोपऱ्यातल्या रेडिओवर एकाच गाण्यावर गाजलेल्या गायकांचा कार्यक्रम चालला होता. एकेका दशकातला एकेक जण येत होता.

"ही आमच्या आईची आवडती," दाढ कोरता कोरता डॉक्टर म्हणाले. "एक अंगाई गायली आणि मग स्वतःच झोपली ती झोपलीच. आणि हा पुढचा, पांढऱ्या बुटांचा. बूट आठवतात, गाणं आठवत नाही. खरं की नाही?"

"आं," पेशंट म्हणाला. डॉक्टरांनी तो होकार धरला.

मग ते खिडकीचं गाणं लागलं.

"अरे देवा, हे! आमच्या कॉलेजच्या दिवसांत घराघरांतून हेच. दुसरं कडवं ऐका, कसला बेसूर झालाय! जिना चढताना दम लागावा तसा गडी मधल्याच पायरीवर बसलाय. परत कधी गायला नाही, हे त्याचे उपकार."

पेशंटने डावा हात वर केला. दुखलं तर डावा हात वर करायचा, हा डॉक्टरांचाच नियम. त्यांनी तत्परतेने भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

"काय सांगत होतो? हां, आता गेलाही असेल बिचारा."

दोन्ही हात वर झाले.

"फार नाजूक हो तुम्ही," म्हणत डॉक्टरांनी अजून एक दिलं.

एवढ्यात बाहेरचं काउंटर सांभाळणारी त्यांची बायको मोबाइल घेऊन आत आली.

"अहो, सांगायचं राहिलंच! ओळखलंत का यांना? आत्ता रेडिओवर लागलं होतं ना खिडकीचं गाणं? ते यांचंच!"

डॉक्टरांचे कान तापले. त्यांनी मास्क वर ओढला, पण तो डोळ्यांपर्यंत पोचेना.

"सर, दोनच ओळी गा ना," बायको म्हणाली. "आमचं लग्न या गाण्यामुळे जमलंय. हे आमच्या घरासमोर उभे राहून हेच गायचे. वर सांगायचे, असा गळा पुन्हा होणे नाही!"

पेशंटने डॉक्टरांकडे एकदा नीट पाहिलं. तोंडातली नळी आणि कापूस काढून सूर लावला. जीभ एकीकडे गेली, ओठ दुसरीकडे, आणि सूर हनुवटीवरून ओघळला.

"हे काय करून ठेवलंत तुम्ही यांचं!" बायको म्हणाली. बाहेर फोन वाजला म्हणून ती गेली, नाहीतर आणखी बोलली असती.

"मला जोड्याने मारा, साहेब," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुमची बाकीची गाणी मला फार आवडतात."

"बाकीची नाहीत."

"नाहीत, हो, तेच म्हणतोय. काहीही सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

"रविवारी मोकळे आहात?" गायकाने अर्ध्या तोंडाने विचारलं. "माझा सत्कार आहे. परत तेच गायला लावतील. दुसऱ्या कडव्यातला तो सूर लागलाच नव्हता हो. मी म्हणत होतो, पुन्हा घेऊ. पण स्टुडिओची वेळ संपली होती. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, वा, काय जागा घेतलीय! खरं बोललेले तुम्ही पहिलेच." त्याने हनुवटी पुसली. "तेवढं भाषण करा. जिना, पायरी, सगळं येऊ द्या. फक्त मी गेलो, ते गाळा."

"स्टेजवर? अहो, बायको असेल तिथे!"

"त्यांना पहिल्या रांगेत बसवतो."

"कुणाला बसवताय?" बायको दारात उभी होती.

"रविवारी डॉक्टर माझ्या गाण्यावर बोलणार आहेत," गायक म्हणाला. "मनापासून."

बायकोचे डोळे भरून आले. तिने नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात तिने कित्येक वर्षांत फिरवला नव्हता.

"आणि मला वाटायचं, तुम्ही विसरलात ते सगळं," ती म्हणाली. "पण एक करा हं, लोकांसमोर रडू नका."